चोवीस तासांची बाटली

१२ जुलै

मामा,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात समजून घे. प्रत्यक्ष घालायला खोलीत जागा नाही, धाकटीने सगळ्या जमिनीवर रंग मांडून ठेवलेत.

कॉलेज सुरू झालं. परवा प्रयोगशाळेत बाईंनी मोरचुदाच्या फिकट निळ्या पाण्यात अमोनिया घातला. आधी सगळं गढूळ झालं, आणखी घातला तसं निवळलं, आणि असा गडद निळा रंग आला की मी आ वासून बघत राहिले. मी विचारलं, तांबं तर तेच आहे, मग रंग कुठून आला? बाई म्हणाल्या, लिगँड बदलला. लिगँड म्हणजे काय? तर धातूला चिकटतो तो. आता याला काय उत्तर म्हणायचं? आई म्हणाली, तुझा मामा आयुष्यभर तेच करतोय, त्याचं डोकं खा.

बाकी ठीक. दोन आठवड्यांत दोन परीक्षानळ्या आणि एक ब्युरेट फोडून झालंय. बाईंनी माझं नाव भूकंप ठेवलंय. सगळे हसले, मीही हसले.

अक्षराबद्दल काही बोलू नकोस, वही गुडघ्यावर ठेवून लिहितेय.

तुझी,
टकळी


२० जुलै

टकळे,

तुझं पत्र वाचायला मला भिंग घ्यावं लागलं. गुडघा तुझाच होता ना, की पळत्या घोड्याचा? ओळीच्या सुरुवातीला मुंगळा आणि शेवटी मुंगी, असं अक्षर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मागच्या वर्षी तुझी पत्रं मी प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवत होतो. हा शुद्ध आळस आहे. रोज एक पान शुद्धलेखन काढ, मग माझ्याशी गप्पा मार.

आता लिगँड. असं समज, धातूचा अणू म्हणजे एक वसतिगृह आहे आणि त्यात पाच खोल्या आहेत. एका खोलीत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन. अणू एकटा असतो तेव्हा पाचही खोल्या एका मजल्यावर असतात. चहूबाजूंनी लिगँड येऊन चिकटले की त्यांच्या रेट्याने दोन खोल्या वर जातात, तीन खाली राहतात. मध्ये जिना तयार होतो. पाण्यासारखा साधा लिगँड असेल तर जिना बुटका, अमोनियाचा त्याहून उंच, सायनाइडचा तर विचारू नकोस. खालचा इलेक्ट्रॉन वर जायला जेवढा उजेड गिळतो, त्यावरून रंग ठरतो. जिना बदलला, गिळलेला उजेड बदलला, रंग बदलला. तांबं तेच.

लोखंडाचे सहा इलेक्ट्रॉन घे. जिना बुटका असला की ते आरामात पसरतात, वरच्या खोल्याही वापरतात. जिना उंच झाला की म्हणतात, कोण चढणार? त्यापेक्षा खाली दोघं दोघं राहू. खालच्या तीन खोल्या गच्च भरतात आणि तो संसार मग सहजासहजी मोडत नाही. आपलं तांबं मात्र नऊवालं. खाली सहा, वर तीन, वर एक जागा रिकामी. ते कायम चुळबुळ करत असतं.

आणि काही लिगँडना दोन-दोन, चार-चार हात असतात. एक हात सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. असे लिगँड बनवायचे हे माझं पोटापाण्याचं काम.

सोबत चॉकलेटं पाठवतोय. धाकटीला निम्मी दे, हिशेब मागणार आहे.

मामा


९ ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र वाचून मी रडले. तू आळस म्हणालास म्हणून. सगळे तेच म्हणतात, पण तू म्हणशील असं वाटलं नव्हतं.

शुद्धलेखन रोज काढते. एका पानाला दीड तास लागतो. मामा, माझा हात माझं ऐकत नाही. पेला उचलला की पाणी सांडतं. वस्तूपर्यंत हात नेला की तो जोरात थरथरतो, मांडीवर ठेवला की थांबतो. परवा जिन्यावरून पडले, कारण काहीच नव्हतं. वर्गात मोठ्याने वाचायला उभी राहिले तर जीभ जड झाली, मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, सकाळीच घेऊन आली वाटतं. मी खाली बसले.

आईला सांगितलेलं नाही. तू पण सांगू नकोस. दादा गेला तेव्हापासून आमच्यापैकी कोणाला साधी शिंक आली तरी ती पांढरी पडते. मी दिवसभर हात खिशात घालून हिंडते, जेवताना धाकटीशी मुद्दाम भांडण काढते म्हणजे हात हलला तरी रागाने हलला असं वाटतं. अभ्यासाला बसले की कधी विनाकारण हसू येतं, ते थांबतच नाही, आणि मग मला माझीच भीती वाटते.

वेड लागायला असंच लागतं का? तू शास्त्रज्ञ आहेस, खरं काय ते सांग.

टकळी


१६ ऑगस्ट

टकळे,

आधी मला माफ कर. आळस हा शब्द मी मागे घेतो. तुला वेड लागलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आता मी सांगतो ते नीट कर. दिवसा खिडकीपाशी उभी राहा, आरसा घे. डोळ्याचा काळा भाग जिथे संपतो आणि पांढरा सुरू होतो, त्या कडेला तपकिरी-हिरवट रेघ दिसते का ते बघ. नीट दिसत नसेल तर धाकटीला बघायला सांग, तिचे डोळे घारीचे आहेत.

सोबतच्या खोक्यात एक मोठी आणि एक छोटी बाटली आहे. दोन्ही मी आम्लाने धुतल्यात, त्यांना नळाचं पाणीसुद्धा लावू नकोस. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची. त्यानंतरची सगळी, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट, मोठ्या बाटलीत. चोवीस तासांत एकही चुकवायची नाही. किती भरली ती खूण वाचून लिही, आणि छोटी बाटली त्यातून भरून पाठव. ही अगदी साधी चाचणी आहे, आमच्याकडे रोज होते.

तुझं एक म्हणणं मात्र मी मोडतोय. ताईला मी आजच लिहिलं. तू चिडशील ते मला चालेल.

चॉकलेटं उरली असतील तर खाऊ नकोस. कारण नंतर सांगतो.

मामा


२५ ऑगस्ट

मामा,

बाटली पाठवली. मोठीत एक लिटर आणि वर चार खुणा भरल्या. बाबांना ते सरबत वाटलं होतं, थोडक्यात वाचले.

रेघ आहे. मला आरशात दिसली नाही, हात हलतो म्हणून आरसाही हलतो. धाकटी जवळ आली, माझी हनुवटी धरून बघितलं आणि म्हणाली, ताई, तुझ्या डोळ्यांना गंज चढलाय.

आईने ते ऐकलं. त्या रात्रीपासून ती माझ्याच खोलीत झोपते आणि झोपत नाही. साध्या चाचणीसाठी कोणी एवढं घाबरतं का? तू खोटं बोलतोस हे मला कळलं. काय आहे ते सांग, नाहीतर मी पत्र लिहिणं सोडून देईन.

टकळी


२ सप्टेंबर

ताई,

हे पत्र आधी तू एकटीने वाच, मग पोरीला दे. तिच्यापासून लपवायचं नाही असं मी ठरवलंय.

तिचा नमुना मी स्वतः तपासला. शेजारच्या नळीत माझा ठेवला होता, ताळा पाहायला. दोन्हींत आमचा तो लिगँड घातला, जो तांबं मिळालं की रंग देतो. माझ्या नळीत जेमतेम पिवळट छटा आली. तिच्या नळीत मधासारखा रंग चढला आणि चढतच गेला. मी नवी काच घेतली, नवं द्रावण बनवलं, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. वीस वर्षं हा रंग आला की मला आनंद होतो. परवा मी नळी हातात घेऊन मोरीपाशी बसून राहिलो. सहकाऱ्यांनी पाणी आणून दिलं.

तिच्या यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही. आपण खातो त्यातलं थोडं थोडं तांबं जन्मापासून साठत राहिलं, आधी यकृतात, मग मेंदूत आणि डोळ्यांत. चॉकलेटात ते फार असतं, म्हणून तिला ती बंद. हात, जीभ, ते हसू, सगळं त्यामुळे. ते वेड नाही आणि आळस तर नाहीच. मोकळं तांबं शरीरात स्वस्थ बसत नाही, जिथे साठतं तिथलं जाळतं.

आणि ताई, थोरल्याची कावीळ ही कावीळ नव्हती, असं मला आता वाटतं. तेराव्या वर्षी यकृत असं आठवड्यात कोसळत नाही. तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो, तांब्यावर प्रबंध लिहून झाला होता आणि मला काही सुचलं नाही. हे दोष अर्धे आईकडून, अर्धे वडिलांकडून येतात. दोघांना काही होत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. यात तुझी काही चूक नाही.

यावर औषध आहे. तेही लिगँडच आहे, तांबं धरून लघवीवाटे बाहेर काढतं. उद्याच्या उद्या मोठ्या रुग्णालयात जा. सोबत माझे आकडे देतोय. उशीर करू नकोस.

तुझा भाऊ


१९ सप्टेंबर

बाळा,

जाऊन आलो. डॉक्टरांनी यंत्रातून डोळे पाहिले, रक्त घेतलं, तुझे आकडे वाचले आणि म्हणाले, ज्याने कोणी हे केलं त्याने वेळ वाचवला. मला तेवढ्यानेच भरून आलं.

थोरल्याबद्दल तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. पाच वर्षं मी समजत होते की मी त्याला वेळेवर झोपवलं नाही, बाहेरचं खाऊ दिलं, म्हणून. आता काय समजायचं ते कळत नाही.

औषध सुरू झालंय. रोज एकच गोळी, रिकाम्या पोटी. डॉक्टर म्हणाले, एक महिना एक, मग सावकाश वाढवू. मी विचारलं, एवढं विष अंगात आहे तर एकच का? ते म्हणाले, घाई करायची नसते, आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. पोरीला आता घास गिळताना ठसका लागतो. एक महिना कसा थांबू? तू यातला माणूस आहेस. तू सांगशील तसं करेन. डॉक्टर आज भेटले, तू माझा भाऊ आहेस.

टकळी म्हणते, मामाला सांग मला राग नाही.

ताई


२६ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. तिच्या अंगात जादा तांबं किती असेल याचा अंदाज काढला. एका गोळीत लिगँड किती हे मला पाठ आहे. रोज एक गोळी दिली तर ते निघायला वर्षं लागतील, चार दिल्या तर काही महिने. घरात आग लागलेली असताना चमच्याने पाणी मारण्यात अर्थ नाही. डॉक्टर लोक मुळातच भित्रे असतात आणि त्यांच्यापाशी वेळ नसतो.

टकळीला सांग, हा लिगँड फार गुणी आहे. त्याला गंधकाचा एक हात आहे आणि नायट्रोजनचा एक. तो तांब्याला आधी एक इलेक्ट्रॉन देतो, वरची ती रिकामी जागा भरते आणि चुळबुळ थांबते. मग तो त्याला धरून बाहेर नेतो. ही पकड एवढी पक्की आहे की माझ्या नळीत ती मी कधी सुटताना पाहिली नाही.

चार दे. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. जबाबदारी माझी.

तुझा भाऊ


२१ ऑक्टोबर

बाळा,

चार दिल्या. पहिला आठवडा ठीक गेला. मग ती बोलायची थांबली.

थांबली म्हणजे तिला बोलता येत नाही. तोंड उघडं राहतं, लाळ गळते, ती पुसायला हात उचलते तर हात तोंडापर्यंत पोचत नाही. मान एका बाजूला ओढली जाते. काल पाणी पाजताना जीव घुसमटला, मी ओरडले तर शेजारचे धावत आले. तिला सगळं कळतं रे. डोळे माझ्यावर लावून बसते. पाटीवर काहीतरी लिहायला बघते, खडू मोडतो. धाकटी तिच्याजवळ जायला घाबरते आणि घाबरल्याबद्दल कोपऱ्यात जाऊन रडते.

मी अजून चार देतेय. तू म्हणालास म्हणून देतेय. सांग, आता काय करू?

ताई


(तार) २४ ऑक्टोबर

चार गोळ्या बंद. औषध पूर्ण थांबवू नका. आजच डॉक्टरांकडे न्या. चूक माझी. निघतोय.


१५ नोव्हेंबर

ताई,

परत येऊन आठवडा झाला. रुग्णालयाच्या बाकावर तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, तेव्हा जे सांगता आलं नाही ते लिहितोय. तू वाचलं नाहीस तरी चालेल.

डॉक्टरांनी माझ्यासमोर जे सांगितलं ते मला आधीच सुचायला हवं होतं. परीक्षानळीत तांब्याला दोनच जागा असतात, पाणी नाहीतर लिगँड. तिसरीकडे जायला वाटच नसते. वीस वर्षं मी त्या नळीकडे बघत आलो. माणसाच्या अंगात मात्र यकृत आहे, रक्त आहे, मेंदू आहे. खूप लिगँड एकदम घातला की तो यकृतातलं तांबं उपसतो, आणि ते सगळं बाहेर पडायच्या आत रक्तात सुटतं. त्यातलं काही मेंदूत गेलं. म्हणून डॉक्टर एकेक गोळी म्हणत होते. ते भित्रे नव्हते. मी उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि त्याची किंमत पोरीने मोजली.

पकड किती पक्की हे मला माहीत होतं. उपसलेलं जाणार कुठे, हे मी विचारलंच नाही.

आता एका गोष्टीसाठी मी तुझ्या पाया पडतो. धाकटीची तपासणी कर. हा दोष भावंडांतही असू शकतो, प्रत्येकाला चारात एक एवढी शक्यता. तिला आज काही होत नाही, म्हणूनच आज करायची. मोठी आणि छोटी, दोन्ही बाटल्या तुझ्या माळ्यावर ठेवून आलोय. रुग्णालयातही होईल, माझ्याकडेच पाठव असं नाही.

तुझा भाऊ


२७ नोव्हेंबर

बाळा,

नाही.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तर घर पोळलंय. धाकटी दोरीवरच्या उड्या मारते, गाणी म्हणते, भाजी टाकून देते. तिला काही झालेलं नाही. बाटलीत रंग आला की तू गोळ्या सांगणार, गोळ्या दिल्या की तिचीही जीभ जाणार. एक गेला, एक अशी बसलीय. तिसरीला मी हात लावू देणार नाही, तुलाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

तुझा राग करायचीही ताकद राहिली नाही. चार गोळ्या मी माझ्या हाताने दिल्यात.

मोठीला डॉक्टर म्हणतात तेवढंच देतेय. परवा तिने डाळीचं पाणी न ठसकता प्यायलं.

इतक्यात लिहू नकोस.

ताई


८ फेब्रुवारी

मामा

मी टकळी. हे पत्र सहा दिवस लिहितेय. रोज चार-पाच ओळी. अक्षर वाचता येतं का?

बोलणं थोडं आलंय. आईला कळतं, बाबांना अर्धं कळतं. चालते. चमचा धरते. डॉक्टर म्हणाले, आणखी सुधारेल, सगळं परत येईलच असं नाही. हे त्यांनी मला सांगितलं, आईला नाही. बरं वाटलं.

आईने तुझी पत्रं डब्यात ठेवलीत. मी पंधरा नोव्हेंबरचं काढून वाचलं. मग धाकटीकडे बघत बसले. मामा, मला फार भीती वाटली. स्वतःसाठी वाटली होती त्याहून जास्त. ती उडी मारते तेव्हा मी तिच्या पायांकडे बघते. पेला उचलते तेव्हा हाताकडे. परवा तिच्या हातून पेन्सिल पडली. तिने ती उचलली आणि चित्र काढत बसली.

आई ऐकत नाही. मी तिला दोष देत नाही. पण मी असं अंग घेऊन जगतेय, आई ते नुसती बघते. दोन्हीत फरक आहे.

म्हणून धाकटीला माळ्यावर चढवलं. बाटल्या काढल्या. तिला सांगितलं हे आपलं गुपित. तिने चोवीस तास एकही फेरी चुकवली नाही, शाळेतही गेली नाही, पोटात दुखतं म्हणाली. नऊ वर्षांची पोर एवढं खोटं कुठे शिकली देव जाणे. एक लिटरला दोन खुणा कमी. छोटी बाटली सोबत आहे.

टपाल कचेरी आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. मला पाऊण तास लागला. खिडकीतल्या माणसाने तीनदा विचारलं, काय म्हणता? चौथ्यांदा त्याला कळलं.

रंग येऊ नये म्हणून काय करायचं असतं ते मला माहीत नाही. तू बघ.

टकळी


१७ फेब्रुवारी

टकळे,

तुझं पत्र मी भिंगाशिवाय वाचलं.

नमुन्याला मी हात लावला नाही. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही. बाटलीवर नुसता आकडा घालून आमच्या विभागातल्या बाईंना दिली, कोणाची ते सांगितलं नाही. त्यांनी चाचणी दोनदा केली. मी बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, रुग्णाला त्रास काय होतो? मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, मग नशीबवान आहे, वेळेत सापडला.

रंग आला. तुझ्याएवढा नाही, पण आला.

आता लपवून चालणार नाही. हा कागद ताईला दाखव. रुग्णालयात पुन्हा सगळ्या तपासण्या होऊ देत, त्यांच्या आकड्यावरच विश्वास ठेवा. गोळी द्यायची का, कोणती, किती, हे मी सांगणार नाही. कोणी विचारलं तरी सांगणार नाही. एवढंच सांगतो, तिचं तांबं अजून यकृतातच असावं. ते सावकाश काढलं तर तुझ्यासारखं तिचं काही होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांना फोन करून विचारलं. या वेळी त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

ताईला कसं सांगशील? मी येऊ का?

मामा


३ मार्च

मामा

येऊ नकोस. आता नको. सांगून झालं.

मी तुझा कागद दाखवला नाही. आधी तोंडाने सांगितलं. आई भांडी आवरत होती. मी म्हटलं, आई, बस. ती बसली. सांगायला बराच वेळ लागला, मध्येमध्ये शब्द अडकत होते. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग कागद दिला.

तिने मला मारलं. पाठीत एक धपाटा, लहानपणी मारायची तसा. तुम्ही दोघींनी माझ्यामागे हे केलं म्हणाली. मग मला धरून रडली. मी म्हटलं, आई, मला कोणी नवव्या वर्षी सांगितलं असतं तर मी आज नीट बोलले असते. ती रडायची थांबली. मग म्हणाली, हे वाक्य तू एका दमात बोललीस.

दुसऱ्या दिवशी तिघी रुग्णालयात गेलो. सगळं पुन्हा केलं. आकडा तोच. डोळ्यांत रेघ नाही. डॉक्टरांनी लहान गोळी दिली, एक. आईने त्यांना विचारलं, एकच ना? त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात एक लिहून दिलं. आईने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. रोज उघडून बघते, जसं काही रात्रीत आकडा बदलेल.

आई अजून घाबरलेली आहे. मीही आहे. धाकटी खोकली तरी आम्ही दोघी मान वळवतो.

आज सकाळी आम्ही बहिणी ओट्यापाशी उभ्या राहून गोळ्या घेतल्या, माझी मोठी, तिची लहान. तिने नाक मुरडलं, कुजक्या अंड्याचा वास येतो म्हणाली. मग पेला खाली ठेवून मला विचारलं, ताई, पण मला झालंय काय?

मी म्हटलं, तुला अजून काहीच झालेलं नाही. म्हणूनच घ्यायची.

तिने मान डोलावली आणि दप्तर शोधायला गेली. मी काय म्हटलं ते तिने पुन्हा विचारलं नाही, मामा. तिला पहिल्या खेपेलाच कळलं.

टकळी